एसएसवाल्या काकांची डेलोरियन: १/१० मापातलं एक प्रकरण

गिऱ्हाईक भोसरीचं. हॉटेल-कॅन्टीनसाठी एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची टेबलं, सिंक, चिमण्या बनवायचा कारखाना, वय साठीच्या पुढे. आम्ही त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणते. आमचं रोजचं काम बिल्डरांच्या मॉडेल्सचं. १/१०० मापात इमारत, पोहण्याचा तलाव, रंगवलेला स्पंज कुस्करून केलेली झाडं. सिंहगड रस्त्यावरच्या एका साइट ऑफिसात काकांनी असं एक मॉडेल पाहिलं आणि विचारत विचारत आमच्या वर्कशॉपवर आले. त्यांना फ्लॅट नको होता. ‘बॅक टू द फ्युचर’ ह्या सिनेमातली, काळात मागे-पुढे जाणारी डेलोरियन गाडी हवी होती.

“कॅसेटवर बघितला तेव्हा गोष्ट अर्धीच कळली,” ते म्हणाले, “पण गाडी एसएसची आहे हे पहिल्या झटक्यात कळलं.”

अट एकच घातली. मॉडेल खऱ्या स्टीलचं हवं, पत्रा त्यांचा, ३०४ ह्या जातीच्या स्टेनलेसचा. “मूळ गाडी ३०४ ची, माझा धंदा ३०४ चा, आणि मॉडेल प्लॅस्टिकचं? लोक हसतील मला.”

माहिती बरोबर होती. डेलोरियन डीएमसी-१२ ही गाडी उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ डनमरीच्या कारखान्यात १९८१-८२ च्या सुमारास बनली, एकूण साधारण ९,००० नग. आकार इटलीच्या जिऊजारो ह्या डिझायनरचा, चासीचं काम लोटस ह्या गाड्यांच्या कंपनीचं, इंजिन मागे. आतला सांगाडा फायबरचा आणि त्यावर ३०४ स्टेनलेसचे न रंगवलेले, ब्रश फिनिशचे पत्रे. कंपनी १९८२ मध्येच बुडाली. १९८५ ला सिनेमा आला नसता तर आज ही गाडी फक्त जुन्या गाड्यांच्या शौकिनांनाच ठाऊक राहिली असती.

तर स्टीलच्या माणसाने स्टीलच्या गाडीचं मॉडेल स्टीलचं मागितलं. ह्यात वावगं काय? उत्तर द्यायला आम्हाला बराच वेळ लागला. ह्या कामात शिकण्यासारखं जे काही होतं ते बहुतेक ह्या एका अटीभोवतीच होतं.

कोणती गाडी, किती वाजताची?

त्याआधी दुसरा गुंता सोडवावा लागला. काकांनी आणलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात सिनेमाच्या तिन्ही भागांतली गाडी होती. त्यांना मागचा मिस्टर फ्यूजन हवा होता, विजेचा दांडा हवा होता आणि तिसऱ्या भागातले पांढऱ्या पट्ट्यांचे टायरही हवे होते. हे सगळं एका गाडीवर कधीच नव्हतं. पहिल्या भागात मागे प्लुटोनियमची अणुभट्टी आहे. मिस्टर फ्यूजन, म्हणजे क्रुप्सच्या कॉफी ग्राइंडरपासून केलेला तो पांढरा डबा, त्याच भागाच्या अगदी शेवटी दिसतो. दांडा आणि हूक फक्त १९५५ च्या वादळी रात्रीसाठी लावलेले, बॉनेटवरची व्हॅक्यूम ट्यूबची पेटी तिसऱ्या भागात.

म्हणून आम्ही गाडीऐवजी क्षण विचारला. काका लगेच म्हणाले, “ट्रकमधून उतरते तो.” ट्विन पाइन्स मॉल, २६ ऑक्टोबर १९८५, रात्री सव्वाच्या पुढे. हे ठरल्यावर निम्मे वाद मिटले. अणुभट्टी आहे, फ्यूजन नाही, दांडा नाही, टायर काळे. ‘आउटाटाइम’ ही नंबरप्लेट जागेवर, कारण ती पहिल्या चाचणीत गाडी नाहीशी झाल्यावर पडते. अंगावर बर्फ नाही, कारण तो गाडी परत आल्यावर असतो. आता आमच्या कोटेशनमध्ये मापाच्याही आधी ‘क्षण’ अशी एक ओळ असते. बिल्डरांनाही ती लागू पडते. त्यांची इमारत पावसाळ्यातली आहे की दिवाळीतली, हे आधी ठरलेलं बरं.

माप १/१० घेतलं. बाजारात आओशिमाचं १/२४ चं किट मिळतं, लांबी साडेसतरा-पावणेअठरा सेंटिमीटर. पण काकांच्या केबिनमधल्या कपाटात ते हरवून गेलं असतं. ईगलमॉसने अंकाअंकाने काढलेलं १/८ चं मॉडेल जवळपास ५३ सेंटिमीटरचं, ते कपाटात मावत नव्हतं. १/१० ला गाडी साधारण ४२ सेंटिमीटर होते. शिवाय काकांना प्रत्येक आकडा तोंडी तपासता येतो, फक्त दशांश चिन्ह सरकवायचं.

त्यांनी तो तपासलाही. रिमोटच्या गाड्यांचे १/१० चे तयार टायर घ्यावेत असं माझ्या भागीदाराच्या मनात होतं. काकांनी टायरचा नंबर विचारला. खऱ्या गाडीला पुढे १९५/६०-१४ आणि मागे २३५/६०-१५. कागदावर गणित केलं तर पुढचा टायर ५९ मिलिमीटर व्यासाचा, मागचा ६६ चा, रुंदी अनुक्रमे साडेएकोणीस आणि साडेतेवीस. तयार मिळणारे टायर चारही सारखे आणि २६ रुंद. ते लावले असते तर गाडी खेळण्यातली दिसली असती आणि का, ते कोणाला सांगता आलं नसतं. सिलिकॉनचे साचे करून टायर पीयू रबरात ओतले.

स्टील

आम्ही बॉनेटच्या एका कोपऱ्याचे दोन नमुने केले. एक काकांच्या पत्र्याचा, स्कॉच-ब्राइट मारून रेषा काढलेला. दुसरा रेझिनचा, चकचकीत काळ्या रंगावर मेटॅलिक लॅकरचा धूर दिलेला. दोन्ही टेबलावर ठेवून काकांना खाली वाकून, डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघायला सांगितलं. १/१० च्या मॉडेलकडे असंच बघायचं असतं, रस्त्यावर उभ्या माणसाच्या उंचीवरून.

त्यांनी खरं स्टील क्षणात ओळखलं. मग गप्प झाले. “हे माझ्या किचन टेबलासारखं दिसतंय,” म्हणाले. दुसऱ्या नमुन्याकडे बघून म्हणाले, “आणि हा रंग आहे. कळतंय.”

दोन्ही नापास. पण पहिलं का नापास झालं हे समजून घेण्यासारखं आहे. माप दहापट लहान केलं म्हणून पत्र्यावरची रेघ दहापट बारीक होत नाही. साध्या ब्रश फिनिशला १५०-१८० नंबरच्या पॉलिश पेपरची रेघ असते. खऱ्या गाडीच्या चार फुटी दारावर ती शोभते. तीच रेघ १२ सेंटिमीटरच्या दारावर आली की डोळा तिला दहापट जाड समजतो आणि गाडी एकदम एका तुकड्याएवढी लहान होते. रेघ बारीक करत गेलं, १५००, २००० पर्यंत, की स्टील आरशाकडे झुकतं. मग त्यात वरची ट्यूबलाइट दिसते आणि ट्यूबलाइट काही १/१० ची नसते. धातू खरा होता, म्हणूनच तो स्वतःचं खरं माप सांगत होता.

काकांना हे पटलं, पण फक्त कानाला. हाताने करून बघितल्याशिवाय फॅब्रिकेटरला काही पटत नाही, आणि ते योग्यच आहे. थ्रीडी प्रिंट केलेलं डावं दार त्यांनी कारखान्यात नेलं. तिथे शिम म्हणून, म्हणजे फट भरायला वापरतात तो ०.१ मिलिमीटरचा ३०४ चा पत्रा त्यांच्या जुन्या कारागिराने दारावर बसवायचा प्रयत्न केला. खऱ्या पॅनेलचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास धरला तर १/१० ला जाडी बरोबर एवढीच येते, म्हणजे हिशेब चोख होता. आम्हीही तो तमाशा बघायला भोसरीला गेलो.

डेलोरियन फोटोत सपाट वाटते, पण तिचं एकही पॅनेल पूर्ण सपाट नाही. दाराला मधून आडवी धार आहे आणि तिच्या वर-खाली अगदी हलका फुगवटा आहे. धार वाकवता आली. फुगवटा नाही. एका दिशेने वळवलेला पातळ पत्रा दुसऱ्या दिशेने वळायला तयार नसतो, आणि ३०४ ला तर जितकं ठोकावं तितकं ते कडक होतं. कारागिराने लाकडी ठोकळा केला, वरून रबर ठेवून दाबलं. सोडलं की पत्रा जरासा उघडायचा, जेमतेम नखाएवढा. त्याने तीन वेगवेगळ्या कोनांत जास्तीचं वळवून बघितलं. शेवटी हातमोजे काढले आणि काकांकडे न बघताच म्हणाला, “३०४ आहे, ऐकत नाही.”

ह्यावर उपाय आहेत. भट्टीत लाल करून नरम करता येतं, नर-मादी डाय, म्हणजे पत्रा दाबायचा दुहेरी साचा बनवता येतो. एका गाडीसाठी डाय? काकांनी तेवढाही खर्च मनात केला होता, हे नंतर कळलं.

मध्यममार्ग म्हणून त्यांनी जमलेला पत्रा इपॉक्सीने दारावर चिकटवून दिला. दिसायला बरा होता. पण एप्रिलमध्ये तो दिवसभर त्यांच्या गाडीच्या डिकीत राहिला आणि संध्याकाळी मागच्या कडेला उचकटला होता. रेझिन उष्णतेने स्टीलच्या चार-पाच पट फुगतं. १२ सेंटिमीटरच्या दाराला ३० अंशांचा फरक पडला तर दोघांत पाव मिलिमीटरची तफावत येऊ शकते. दार आणि बॉडी ह्यांच्यामधली खरी फट पाच मिलिमीटर धरली तर मॉडेलवर ती अर्धा मिलिमीटर. त्यातला निम्मा गाळा उन्हाळाच खाणार.

इथेही काका हरले नव्हते. उन्हात नेणारच नाही म्हणाले. प्रकरण फिरलं ते एका फोटोमुळे, आणि तो त्यांनीच दाखवला.

खऱ्या डेलोरियनचा पुढून काढलेला मोठा फोटो आमच्या भिंतीवर लावला होता. काका चहा घेत उभे होते. बंपरवर बोट ठेवून म्हणाले, “हा पत्रा नाही.” बघा, बॉनेटवर आकाशाची छटा बदलते, बंपरवर बदलत नाही. ते खरंच होतं. डेलोरियनचे पुढचे आणि मागचे बंपर लवचीक पॉलियुरेथेनचे, वरून स्टीलला जुळेल असा करडा रंग मारलेले. अनेक गाड्यांत तो पूर्ण जुळत नाही, आणि ह्या गाडीचं नाकडोळं कळणारी माणसं तिला त्या न जुळण्यावरूनच ओळखतात. आमच्या पाहण्यातली बरीच मॉडेल्स सगळी एकाच चंदेरी रंगात असतात, म्हणून ती चुकीची वाटतात.

म्हणजे मुद्दा बदलला. ‘स्टील हवं’ हे बाजूला पडून ‘शेजारी शेजारी दोन वेगळे पदार्थ दिसले पाहिजेत’ हे समोर आलं. मूळ गाडीच पूर्ण स्टीलची नाही म्हटल्यावर काकांची भीड चेपली. त्यांना मॉडेल प्लॅस्टिकचं म्हणून कमीपणा वाटत होता. आता त्यांना एक असं काम मिळालं ज्यात त्यांची नजर आमच्यापेक्षा तेज होती. पुढचे सगळे रंगाचे नमुने त्यांनीच पास-नापास केले आणि फार कडक केले.

शेवटी बसलेली पद्धत अशी. बॉडीवर सरफेसर, म्हणजे खालचा भरणीचा रंग, मग ८०० पासून २००० पर्यंत वॉटर पेपर. त्यावर चकचकीत काळा, पूर्ण वाळवलेला. मग झिजलेला २००० चा कागद, अगदी हलक्या हाताने, पॅनेलच्या रेषेच्या दिशेने एकदाच फिरवायचा. त्याच्यावर मेटॅलिक लॅकरचे पातळ धुरासारखे हात, काळा जेमतेम झाकेपर्यंत. रेषा समोरून दिसत नाहीत. बाजूने उजेड आला की दिसतात, आणि मान हलवली की हरवतात. वरून पारदर्शक क्लिअर कोट नाही, कारण क्लिअर मारला की धातूचा रंग चंदेरी प्लॅस्टिक होऊन बसतो. बंपरला मात्र साधा करडा आणि त्यावर अर्धमॅट क्लिअर.

पाऊस सुरू झाला होता. लॅकर मारताना हवेत दमटपणा असला तर रंगावर पांढरट साय येते, आणि जुलैतल्या पुण्यात दमटपणा नसलेली दुपार शोधावी लागते. रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर थिनर आणि बल्ब लावलेली पेटी ह्यांच्यावर निभावलं. गुरुवारी लाइट जाते म्हणून प्रिंटर आणि कंप्रेसरची कामं त्या दिवशी लावायचीच नाहीत हा आमचा जुना नियम, तो इथेही कामाला आला.

फटींचा हिशेब आधीच करून ठेवला होता. सरफेसर, काळा आणि लॅकर मिळून प्रत्येक कडेवर जवळपास ०.१५ मिलिमीटर चढतो. दोन्ही कडांचा ०.३. म्हणून डिझाइनमध्ये फट ०.८ ठेवली, रंगल्यावर ती अर्ध्या मिलिमीटरवर आली.

काकांचं स्टील कुठे गेलं

मागे, झोताच्या जागी. सिनेमातल्या गाडीच्या मागच्या टोकाला दोन मोठ्या चौकोनी व्हेंट आहेत, आत पट्ट्या. हा पत्र्याचा डबा आहे. वळण नाही, फुगवटा नाही, सरळ कडा आणि काटकोन. म्हणजे चिमणीचंच काम, लहान मापात. काकांनी ०.३ चा पत्रा त्यांच्या लेझरवर कापला आणि आतल्या पट्ट्या खाचांमध्ये बसवल्या. स्पॉट वेल्डिंगचा डाग मोठा पडत होता, म्हणून आम्लाचा फ्लक्स लावून कथलाने जोडल्या. फिनिश २००० चं, आतून काळवंडवलेलं. छोट्या, सावलीत बसणाऱ्या पट्ट्यांवर खरं स्टील अंगावर येत नाही. तिथे ते बॉडीच्या रंगापेक्षा थोडं थंड दिसतं, आणि तेच हवं होतं.

दारांचे बिजागर-खिळेही स्टीलच्या तारेचे. खऱ्या गाडीत ती वर उघडणारी दारं ग्रुमन ह्या विमान कंपनीने केलेल्या, अतिथंड करून पीळ दिलेल्या टॉर्शन बारवर तोलली जातात. १/१० ला दाराचं वजन हजारपट घटतं, त्यामुळे बारची गरजच उरत नाही. घट्ट बसवलेली तार पुरते.

बाकीचं थोडक्यात

गाडीवरच्या केबल आणि नळ्या हा वेळखाऊ, पण आनंदाचा भाग. सिनेमावाल्यांनीही विमानांचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं भंगार वापरूनच ती सजवली होती. आम्हाला गिटारच्या तारा, रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार, जुन्या हेडफोनच्या वायरी आणि जुन्या बाजारात मिळालेल्या एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचं पोट एवढं पुरलं.

डॅशबोर्डवरच्या वेळेच्या तीन ओळी वरून लाल, हिरवी, पिवळी. १/१० ला आकडा दीड मिलिमीटरच्या आसपास येतो, तेवढा एलईडी आकडा मिळत नाही. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडून गडद काळी पॉझिटिव्ह फिल्म काढून घेतली, मागे तीन रंगांचे दिवे आणि ओळींच्या मध्ये काळा पडदा, नाहीतर लाल हिरव्यात सांडतो. फ्लक्स कपॅसिटर, म्हणजे सिनेमात काळप्रवास घडवणारं यंत्र, त्याचा आत धावणारा उजेड पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या ५५५ आणि ४०१७ ह्या साध्या चिपांवर भागला. मायक्रोकंट्रोलर वापरता आला असता, पण काकांच्या इलेक्ट्रिशियनला दुरुस्त करता यावं ही त्यांची अट होती. स्पीडोमीटरवर मात्र आम्ही अडलो नाही. मूळ डेलोरियनचा काटा ताशी ८५ मैलांवर संपतो, अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमामुळे. सिनेमात काळप्रवासासाठी ८८ हवे होते, म्हणजे ताशी सुमारे १४२ किलोमीटर, म्हणून त्यांनी ९५ पर्यंतची तबकडी लावली. आम्हीही ९५ चीच छापली.

वेळ अंदाजाच्या दुप्पट गेला आणि पैसे ठरल्याएवढेच मिळाले. त्यातला फरक स्टीलच्या नमुन्यांवर गेला. पण तो आता पुढच्या कामात वापरता येतो, बिल्डरांच्या मॉडेलमधल्या स्टीलच्या रेलिंगवरसुद्धा.

सुपूर्द केल्यानंतर

गाडी काकांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत गेली, बॅटरी खालच्या पाटात, म्हणजे पेटी न उघडता बदलता येते. काही आठवड्यांनी फोन आला. “टपावर काळं दिसतंय. ये बघायला.”

कारखान्यातल्या पोराने सणाच्या साफसफाईत पेटी उघडली होती. गाडी स्टीलची दिसली, म्हणून त्याने तयार टेबलांवर मारतात ते स्टीलचं पॉलिश फडक्यावर घेतलं आणि टप पुसायला घेतला. लॅकर गेलं, खालचा काळा वर आला. पोरगा घाबरून उभा होता. काका त्याच्यावर चिडले नव्हते, उलट आल्या-गेल्याला टप दाखवत होते. एसएसच्या कारखान्यात रोज एसएस पुसणारा पोरगा फसला, ह्याचं त्यांना भारी कौतुक.

क्लिअर नसल्यामुळे तेवढाच डाग दुरुस्त होत नाही, पॅनेल पूर्ण करावं लागतं. टपाचा मधला पट्टा काढून आणला, उतरवून पुन्हा काळ्यापासून केला. बसवायला गेलो तेव्हा पेटीला कुलूप लागलेलं होतं आणि किल्ली काकांच्या जानव्याला.